टेफ्लॉन का नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

समुद्री जीव चिकटू नयेत म्हणून जहाजांच्या तळाला लावायच्या सिलिकॉन आणि तांब्याच्या रंगांवर मी लिहिलं, त्यावर तुम्ही चांगलंच फैलावर घेतलंत. तव्यावरचं टेफ्लॉन तळाला फासलं की काही चिकटणारच नाही, ही साधी गोष्ट मी दडवली. आणि तांब्याचं समर्थन करायचंच होतं, तर पाण्यात न उतरणारं, म्हणजे पाण्यात विष न सोडणारं तांबं का सुचवलं नाही, असं तुमचं म्हणणं.

टेफ्लॉनवर बार्नकल, म्हणजे खडकांना आणि जहाजांना चिकटणारा तो टणक कवचाचा छोटा समुद्री जीव, चिकटतं, आणि चांगलं घट्ट. त्याची अळी दोन स्पर्शिकांवर अक्षरशः पावलं टाकत फिरते, जागा चाचपते, पसंत पडली की सिमेंट सोडते. टेफ्लॉन निसरडं असलं तरी कडक. सिलिकॉन मऊ असतं, म्हणून बार्नकलचं टणक बूड रेटलं की खालचा थर ताणला जातो, कड सुटते आणि ते सोलल्यासारखं निघतं. मी स्वतः सिलिकॉनच्या पट्टीवरून अंगठ्याने ढकलून काढलंय. शेजारच्या साध्या रंगाच्या पट्टीवर पटाशी चालवली, तरी पांढरी चकती मागे राहिलीच.

मात्र ‘सिलिकॉनला काही चिकटत नाही’ हे माझं वाक्य चूक होतं, तिथे तुम्ही माझा कान पिळलात ते रास्त. चिकटतं, जहाज वेगात निघालं की पाण्याच्या रेट्याने सुटतं. महिनोन्महिने नांगरलेल्या बोटीला त्याचा काय उपयोग? आणि बुळबुळीत शेवाळी थर तर वेगालाही दाद देत नाही.

आता तांबं. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ च्या सुमारास नेमका तुमचाच उपाय करून पाहिला होता. तळाचे तांब्याचे पत्रे झिजू नयेत म्हणून त्यांना लोखंडाचे तुकडे जोडले. झीज थांबली, आणि पत्र्यांवर शेवाळ-शिंपले माजले! तांबं विरघळतं म्हणूनच काम करतं. न उतरणारं तांबं म्हणजे नुसता महागडा पत्रा.

विषाची तुमची धास्ती मात्र खोटी नाही. ट्रायब्युटिल टिन या कथिलाच्या विषारी संयुगाच्या रंगांमुळे फ्रान्समधल्या आर्काशोंच्या उपसागरात कालवांचे शिंपले जाड, वेडेवाकडे झाले. तिथे १९८२ मध्येच छोट्या बोटींवर त्याला बंदी आली, बंदीचा आंतरराष्ट्रीय करार लागू व्हायला २००८ उजाडलं. तांबं त्या मानाने सौम्य, पण गर्दीच्या बंदरात साचतंच.

लेखातलं ते सिलिकॉनचं वाक्य आज बदललंय. तांब्याचा परिच्छेद तसाच ठेवलाय.