क्रिकेट रुजते कुठे?

६ ऑक्टोबर २०२२ रोजी सिल्हेट येथे महिला आशिया चषकात थायलंडने पाकिस्तानला हरवले, तो सामना मी शेवटच्या षटकापर्यंत श्वास रोखून पाहिला होता. विजयासाठी ११७ धावा हव्या होत्या. नत्थाकान चांथमने ६१ धावांची खेळी करून डाव सावरून धरला आणि एक चेंडू शिल्लक असताना थायलंडने चार गडी राखून सामना जिंकला. जिंकोत वा हरोत, सामना संपला की एका रांगेत उभे राहून, हात जोडून, प्रेक्षकांसमोर वाकून नमस्कार करायचा असा या संघाचा शिरस्ता आहे. यातल्या अनेकजणी सॉफ्टबॉलसारख्या दुसऱ्या खेळांतून क्रिकेटकडे आल्या आहेत, आणि ज्यांच्या घरी हा खेळ कोणालाच ठाऊक नव्हता अशा मुलींनी तो इतक्या मनापासून आपलासा केला, हे पाहून मला फार आनंद झाला होता.

एखाद्या देशात क्रिकेट रुजले असे नेमके कधी म्हणावे, याचे माझे उत्तर मला त्या दिवशी मिळाले. ज्यांच्या आईवडिलांना क्रिकेट ठाऊक नाही अशी मुले बॅट हातात घेऊ लागली की ते रुजले. राष्ट्रीय संघाचे यश हा त्याचा पुरावा असतोच असे नाही. ६ जून २०२४ रोजी डॅलसजवळ अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवले, तेव्हा मुंबईत जन्मलेल्या सौरभ नेत्रवळकरच्या त्या षटकाचा मलाही अभिमान वाटला. नोकरी सांभाळून त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जे केले त्याला तोड नाही. परंतु स्थलांतरितांच्या बळावर उभा राहिलेला संघ आणि त्या मातीत रुजलेला खेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रिकेटचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना १८४४ मध्ये न्यूयॉर्कला, अमेरिका आणि कॅनडा यांच्यात झाला होता, आणि तरीही पुढे त्या देशाने बेसबॉलला जवळ केले. २०२४ च्या टी-२० विश्वचषकासाठी न्यूयॉर्कजवळच्या नॅसाऊ काउंटीत ३४ हजार आसनांचे तात्पुरते स्टेडियम उभारले गेले, त्यासाठी ॲडलेडमधील तज्ज्ञांनी तयार केलेल्या खेळपट्ट्या आणून बसवल्या गेल्या आणि स्पर्धेतील तिथले सामने आटोपताच स्टेडियम उतरवण्यात आले. एवढ्या खर्चातून त्या परिसरातल्या मुलांच्या वाट्याला कायमचे काय आले, हा प्रश्न मला अजूनही अस्वस्थ करतो.

याउलट ब्राझीलकडे पाहावे. तिथे पोसोस दी काल्दास या शहरात शाळकरी मुलांपासून सुरुवात झाली आणि २०२० मध्ये पुरुषांच्याही आधी महिला खेळाडूंना मानधनाचे करार मिळाले. रवांडात २०१७ मध्ये राजधानी किगालीतील गाहांगा भागात क्रिकेटचे मैदान सुरू झाले. दोन्ही ठिकाणी झगमगाट कमी आणि काम जास्त आहे.

नव्या देशात खरी अडचण खेळपट्टीची असते. गवताची खेळपट्टी म्हणजे योग्य चिकणमाती, रोलर, वेळच्या वेळी पाणी आणि तिची रोज निगा राखणारा जाणकार माणूस. हे सगळे शाळेला कुठून परवडणार? सिमेंटच्या पट्टीवर चटई अंथरली, प्लास्टिकची बॅट आणि मऊ चेंडू दिला आणि शाळेतल्या क्रीडाशिक्षकाला नीट प्रशिक्षण दिले, की खेळ सुरू होतो. पायचीतचा नियम पुढे कधीतरी शिकवता येतो. शिक्षक तयार करणे हाच मला या सगळ्यातला सर्वांत मोलाचा खर्च वाटतो, कारण प्रशिक्षक परत गेला तरी शिक्षक तिथेच राहतो.

मात्र तळाशी कितीही मेहनत केली तरी वरचे दार बंद असेल तर ती वाया जाते. नोव्हेंबर २०२१ मध्ये हरारे येथे महिला विश्वचषकाची पात्रता स्पर्धा सुरू होती आणि त्यात थायलंडने बांगलादेशला हरवलेही होते. कोविडच्या नव्या लाटेमुळे स्पर्धा मध्येच थांबवावी लागली, हे समजण्यासारखे होते. पण पुढचे संघ एकदिवसीय क्रमवारीवरून ठरवले गेले, आणि थायलंडला तेव्हा एकदिवसीय दर्जाच (म्हणजे त्यांचे एकदिवसीय सामने अधिकृत आंतरराष्ट्रीय मानले जाण्याची मान्यता) नसल्यामुळे त्या क्रमवारीत त्यांना स्थानच नव्हते. मैदानावर कमावलेले असे कागदावर गेले. २००३ मध्ये विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत पोहोचलेल्या केनियाने २०१४ मध्ये एकदिवसीय दर्जा गमावला. त्यांच्या मंडळातील गोंधळ त्याला कारणीभूत होताच, परंतु त्या यशानंतर मोठ्या देशांनी केनियाशी नियमित सामने खेळले असते तर ती पिढी इतक्या सहज विरून गेली नसती, असे माझे ठाम मत आहे.

२०१९ आणि २०२३ चे पुरुषांचे एकदिवसीय विश्वचषक केवळ दहा संघांत खेळवले गेले. २०२७ मध्ये ही संख्या चौदा होईल, याचे मी मनापासून स्वागत करतो. सर्व सदस्य देशांच्या सामन्यांना आंतरराष्ट्रीय टी-२० दर्जा देण्याचा २०१८ चा निर्णयही दूरदृष्टीचा होता. पण पैशाचे काय? आयसीसीच्या २०२४ ते २०२७ या काळातील वाटपात एकट्या भारताचा वाटा सुमारे ३८.५ टक्के आहे, तर नव्वदहून अधिक सहयोगी देशांना, म्हणजे आयसीसीचे पूर्ण सदस्य नसलेल्या देशांना, मिळून ११ टक्क्यांच्या आसपास रक्कम मिळते. भारतीय प्रेक्षकांमुळेच हा पैसा येतो, हा युक्तिवाद मला मान्य आहे. तरीही आपल्या मंडळाने त्यातला थोडा भाग स्वतःहून सोडला, तर आपल्या क्रिकेटचे काहीही अडणार नाही, आणि नेपाळ किंवा युगांडाच्या मंडळाचे वर्षभराचे नियोजन त्यावर होऊ शकेल.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट असेल. अनेक देशांत सरकारी निधी ऑलिंपिक खेळांनाच आधी मिळतो, म्हणून या प्रवेशाचे महत्त्व पदकांपेक्षा मोठे आहे. परंतु पुरुष आणि महिला गटांत प्रत्येकी सहाच संघ खेळणार असल्याने बहुतेक नव्या देशांना तिथे जागा मिळणार नाही. त्यांना हवे आहेत ते ठरलेले सामने. प्रत्येक पूर्ण सदस्य देशाने दरवर्षी आपला ‘अ’ संघ, म्हणजे दुसऱ्या फळीचा संघ, पुरुषांचा आणि महिलांचाही, किमान एका सहयोगी देशाच्या दौऱ्यावर पाठवावा आणि ते वेळापत्रक चार वर्षे आधी जाहीर करावे, एवढी माझी मागणी आहे.