प्लंबर बोलवायचाय? आधी गेम थिअरी शिका

सिंकखाली गळायला लागलंय, बादली भरत आलीय आणि तुम्ही सरळ प्लंबरला फोन लावताय? थांबा की जरा. समोरचा काय करेल हे धरून आपली चाल ठरवायची, ती गेम थिअरी. तिच्यासाठी जॉन नॅशला १९९४ साली अर्थशास्त्राचं नोबेल उगीच दिलं व्हय?

पहिलं म्हणजे भाव पाडा. अकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९७० सालीच लिहून ठेवलंय, जुन्या गाड्यांच्या बाजारावर, की माल चांगला का भंगार हे गिऱ्हाइकाला कळत नसलं की तो सगळ्यांना मधलाच भाव देतो, मग चांगल्या मालवाल्याला परवडत नाही, तो बाजारातनं उठतो आणि मागं भंगार उरतं. त्यालाही नोबेल मिळालं, २००१ ला. तर येईल त्याला म्हणायचं, 'एवढं कशाचं रे, शेजारी दोनशेत करून गेलाय.' चांगले कारागीर पुण्याला जातील, निवड आपोआप सोपी होईल.

मग ३७ टक्क्यांचा नियम. हा गेम थिअरीचा सख्खा नाही, चुलतभाऊ, पण लई कामाचा. दहा उमेदवार असतील तर पहिले तीन नुसते बघून घालवायचे, आणि पुढं त्यांच्यापेक्षा सरस दिसेल तो पहिला धरायचा. यात अट एकच, घालवलेला परत येत नाही आणि पुढच्याला काही सांगत नाही. आता कोल्हापुरात पहिल्या तिघांतला एकजण चौथ्याच्या तालमीतला निघणार, दुसरा त्याचा मेव्हणा, म्हणजे पाचवा फोन उचलतानाच म्हणणार, 'राजारामपुरीतलं ते, नुसतं बघाय बोलावतंय ते काय?' शास्त्रात गिऱ्हाईक कारागिराचं नाव खराब करतं आणि त्या भीतीनं तो नीट काम करतो असं गृहीत धरलंय. गंगावेशीत दूध प्यायला उभं राहून तुमच्या नावाची चर्चा कोण करतंय याचा हिशोब अमेरिकेत कुणी धरला नव्हता.

तरी आमिष दाखवा. 'पुढं अख्ख्या अपार्टमेंटचं काम तुलाच.' तो पण म्हणेल, 'आलोच, बिंदू चौकात हाय.' बोलायला दोघांनाही काही पडत नाही, म्हणून अशा बोलण्याला किंमत नसते हे थिअरीतच आहे, आणि तरी तुम्ही दार उघडं ठेवून दुपारभर बसणार.

अगदीच चिडलात तर जशास तसं. १९८० च्या सुमारास अॅक्सेलरॉड नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं साथ द्यायची का दगा, या खेळाची कॉम्प्युटर प्रोग्रॅममध्ये स्पर्धा घेतली, त्यात रॅपपोर्ट नावाच्या अभ्यासकाचा सगळ्यात छोटा प्रोग्रॅम जिंकला : आधी नीट वागायचं, मग समोरचा वागेल तसं. तो काल आला नाही ना, आज तुम्ही कुलूप लावून रंकाळ्यावर जा. तो नेमका आजच येणार, कुलूप बघणार, आणि तालमीत जाऊन सांगणार की त्यांना काम करून घ्यायचंच नाही.

आणि समोरच्या वहिनींच्या घरी गेल्या महिन्यात एका फेरीत गळती काढून गेला तो कोण होता, हे मात्र चुकूनसुद्धा विचारू नका. नंबर देतील त्या.