गैरहजर अर्जदाराचे कुलमुखत्यारपत्र

आमच्या सोसायटीच्या गच्चीवरील टाकीत पाणी किती आहे, हे प्रत्येकाला घरबसल्या मोबाइलवर दिसावे, असा ठराव सर्वसाधारण सभेत एकमताने संमत झाला आणि ‘यांना संगणकातले कळते’ या जुन्या आरोपावरून ते काम माझ्याकडे आले. ड्रॉवरमध्ये पत्त्यांच्या कॅटाएवढा एक ३२-बिट आर्म बोर्ड, म्हणजे ‘आर्म’ जातीच्या प्रोसेसरचा चिमुकला संगणक, पडून होता: ६४ एमबी रॅम, १६ एमबी फ्लॅश आणि ‘मसल’ या छोट्या सी-लायब्ररीवर, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमना लागणाऱ्या मूलभूत फंक्शनांच्या संचावर, उभे असलेले लिनक्स. त्यावर ‘अपाची’ हा वेब सर्व्हर, म्हणजे मागेल त्याला वेबपान पुरवणारा प्रोग्रॅम, चालवायचे मी ठरवले. इतके हलके सर्व्हर असताना हा हत्ती टांग्यात का बसवला, असे जाणकार विचारतील. अपाचीची मांडणी मला तोंडपाठ होती आणि नवे काही शिकण्याचा कंटाळा होता, एवढेच त्याचे कारण. तो कंटाळा टाळण्यासाठी मी पुढच्या सहा रात्री शिकत बसलो.

बोर्डावर कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा, मावणार नव्हता, त्यामुळे लॅपटॉपवर बसून बोर्डासाठी कंपाइल करणे, म्हणजे क्रॉस-कंपाइल करणे, ओघानेच आले. पहिल्या रात्री मी कंपाइलपूर्व मांडणीतल्या ‘टार्गेट’ या पर्यायापुढे आर्म असे लिहिले. सगळे बिनबोभाट पार पडले आणि जे तयार झाले ते फक्त लॅपटॉपवरच चालले. ज्या यंत्रावर प्रोग्रॅम अखेर चालायचा, त्याला या दरबारात ‘होस्ट’ म्हणतात, आणि ‘टार्गेट’ हा पर्याय कंपायलरच बनवायला बसलेल्यांसाठी असतो, हे दुसऱ्या दिवशी कळले.

‘होस्ट’ बरोबर लिहिल्यावर खरी कचेरी उघडली. तिथला वरिष्ठ लिपिक म्हणजे ‘कॉन्फिगर’ नावाची स्क्रिप्ट. एरवी तो लहानसा चाचणी-प्रोग्रॅम लिहितो, कंपाइल करतो, तिथल्या तिथे चालवून पाहतो आणि उत्तर वहीत टिपून ठेवतो. आता मात्र बोर्डासाठी बनलेला प्रोग्रॅम लॅपटॉपवर चालवणे त्याला शक्य नव्हते, त्यामुळे ‘क्रॉस-कंपाइल करताना हे तपासता येत नाही’ असे सांगून त्याने काम थांबवले. कचेरीच्या भाषेत याचा अर्थ, अर्जदारास समक्ष हजर करा. अर्जदार टेबलावर, लिपिकापासून दोन विती अंतरावर, हिरवा दिवा लुकलुकवत पडला होता. पण दोघांची भेट घडवण्याची सोय नियमात नव्हती.

यावर उपाय असा की अर्जदाराच्या वतीने आपणच उत्तरे लिहून द्यायची. म्हणजे मी कुलमुखत्यार झालो. ‘/डेव्ह/झिरो’ ही फाइल तिकडे आहे काय? आहे, असे मी लिहून दिले. ‘सेटपीजीआरपी’ हे फंक्शन विनापॅरामीटर चालते काय? चालते, असेही लिहून दिले; त्या फंक्शनचा आणि माझा तोपर्यंत परिचयही नव्हता. काही प्रश्न तर लिपिकाने विचारलेच नाहीत. ‘आयओव्हेक’ या स्ट्रक्चरचा, म्हणजे माहितीच्या ठरावीक साच्याचा, आकार मोजता येत नाही, असे पाहून त्याने परस्पर शून्य लिहिले, शून्य म्हणजे ते स्ट्रक्चर नाहीच असे मानले आणि स्वतःचे एक नवे तयार केले. पुढे खरे ‘आयओव्हेक’ समोर येताच एकाच नावाच्या दोन वारसांवरून कंपायलरने तंटा उभा केला. मी घाईघाईने चार ओळींचा प्रोग्रॅम लिहून आकार मोजला, १६ बाइट भरला, आणि तसे घोषणापत्र जोडले.

त्यानंतर अपाचीच्या पोटातून ‘जेन टेस्ट चार’ नावाचे एक पिल्लू निघाले. त्याने फक्त एकदा चालायचे, कोणते अक्षर कुठे चालते याचा तक्ता छापायचा आणि निवृत्त व्हायचे, एवढेच त्याचे आयुष्य. पण ते कंपाइल चालू असताना, म्हणजे लॅपटॉपवरच, चालावे लागते, आणि मी तर त्यालाही आर्मची दीक्षा दिली होती. त्याला वेगळे काढून लॅपटॉपच्या कंपायलरने पुन्हा जन्माला घातले, तेव्हा तक्ता छापला गेला.

पाचव्या रात्री तयार सर्व्हर बोर्डावर नेऊन चालवला. उत्तर आले, ‘अशी फाइल अस्तित्वात नाही.’ यादी काढली, तर फाइल आहे. चालवायला गेलो, तर नाही. जिवंत पेन्शनरला हयातीचा दाखला मागतात, तसलाच हा प्रकार होता. खरी गोम अशी की नसलेली फाइल दुसरीच होती: माझ्या टूलचेनने, म्हणजे कंपायलर आणि त्याच्या साथीदारांच्या संचाने, सर्व्हरच्या कपाळावर ‘ग्लिबसी’ या दुसऱ्या सी-लायब्ररीच्या लोडरचा (प्रोग्रॅम सुरू करून देणाऱ्या फाइलचा) पत्ता कोरला होता आणि बोर्डावर नांदत होता मसलचा लोडर. शोध ग्लिबसीच्या लोडरचा लागत नव्हता, आणि संदेश मात्र ती फाइल कोणती हे सांगत नव्हता. मसलची टूलचेन आणून पुन्हा पहिल्यापासून कंपाइल केले, ‘स्ट्रिप’ करून फुगवटा उतरवला आणि सहाव्या रात्री मोबाइलवर अपाचीचे ते सुप्रसिद्ध ‘इट वर्क्स!’ उमटले.

महिन्याभराने शेजारच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनीने मला अशा बोर्डांसाठी लिनक्स बांधून देणारे ‘बिल्डरूट’ हे साधन दाखवले. त्यातल्या मेनूत अपाचीपुढे खूण केली की हे सगळे ते स्वतःच करते. मी त्यातली फाइल उघडली, तर माझी सारी घोषणापत्रे तिथे आधीच कोणीतरी लिहून ठेवलेली होती: ‘/डेव्ह/झिरो’ आहे, ‘सेटपीजीआरपी’ चालते. फक्त ‘आयओव्हेक’पुढे ८ होते. मला घाम फुटला, कारण १६ हा आकडा मी माझ्या ६४-बिट लॅपटॉपवर मोजला होता आणि ३२-बिट बोर्डावर तो ८च भरणार होता. म्हणजे सोसायटीची टाकी महिनाभर खोट्या प्रतिज्ञापत्रावर चालली होती. रात्री धडधडत्या छातीने कॉन्फिगर स्क्रिप्ट उघडून ती जागा वाचली. आकडा शून्य आहे की नाही, एवढेच लिपिकाने पाहिले होते.