याया टूरेला नुसता ‘रेडा’ म्हणू नका

काल आमच्या ग्रुपवर फुटबॉलमधल्या जुन्या मिडफिल्डर्सचा, म्हणजे मैदानाच्या मधल्या भागात खेळणाऱ्यांचा, विषय निघाला. एका जवळच्या मित्राने लिहिलं, “याया टूरे? रेडा होता नुसता, समोरच्याला उडवत जायचा!” त्याने कौतुकानेच लिहिलं होतं. मला मात्र लागलं, कारण हे असलं कौतुक मी वर्षानुवर्षं ऐकतोय. खेळाडू पश्चिम आफ्रिकेतून आलेला असला की ताकद, दम, उंची, एवढ्यावरच सगळे थांबतात. त्याच्या डोक्याबद्दल कुणी बोलत नाही.

आयव्हरी कोस्टच्या बुआके शहरात जन्मलेला हा मुलगा आबिजानच्या असेक मिमोसा अकादमीत घडला. २००१ मध्ये, अठराव्या वर्षी, तो बेल्जियमच्या बेव्हरेनला गेला. मग युक्रेनमधलं दोनेत्स्क, ग्रीसचा ऑलिंपियाकोस, मोनाको. बार्सिलोना गाठेपर्यंत २००७ उजाडलं. दर एक-दोन वर्षांनी नवा देश, नवी भाषा, खेळायची नवी पद्धत. नुसत्या खांद्यांच्या जोरावर हे निभावतं का?

२००९ ची रोममधली चॅम्पियन्स लीग फायनल आठवा. बार्सिलोनाच्या बचावफळीतला मार्केझ जखमी, आल्वेस आणि अबिदाल निलंबित. प्रशिक्षक ग्वार्दिओलाने या मिडफिल्डरला पिकेच्या जोडीला सेंटर बॅक, म्हणजे बचावाच्या मधोमध, उभं केलं, समोर रोनाल्डो आणि रूनीचं मँचेस्टर युनायटेड. बार्सिलोना २-० ने जिंकलं. ती जागा खेळ वाचणाऱ्यालाच देतात.

पुढे मँचेस्टर सिटीत, २०१३-१४ च्या इंग्लिश लीगमध्ये त्याने मिडफिल्डमधून २० गोल केले, त्यात फ्री किकवरचेही. त्याच मोसमात लीग कप फायनलमध्ये सिटी ०-१ ने मागे होती. लांबून, चेंडू न थांबवता, पायाच्या आतल्या बाजूने त्याने तो असा वळवला की थेट वरच्या कोपऱ्यात. धावपळ नाही, धक्काबुक्की नाही. मी तो गोल आजही लावून बघतो.

आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये मॉस्कोत याच माणसाला, कप्तानाचा पट्टा दंडावर असताना, प्रेक्षकांतून माकडाचे आवाज ऐकावे लागले. त्याने मैदानातच रेफ्रींकडे तक्रार केली.

१३ मे २०१२ म्हटलं की सगळ्यांना सिटीला लीग जिंकून देणारा अग्वेरोचा शेवटच्या क्षणाचा गोल आठवतो. मलाही आठवतो. पण त्या दिवशी यायाचा २९ वा वाढदिवस होता, आणि ३९ व्या मिनिटाला झाबालेताने केलेल्या सिटीच्या पहिल्या गोलचा पास त्याचाच होता. पाचेक मिनिटांत तो दुखापतीने बाहेर गेला. मित्रा, तो पास एकदा बघ.