गाडी उलट बोलायला लागली तर

जुन्या गाडीत दोन-चार काटे असायचे. ते हलायचे, आपण बघायचं किंवा सोडून द्यायचं. नव्या गाडीचं तसं नाही, ती बोलते. दार नीट लागलं नाही, पट्टा लावला नाही, मागच्या चाकात हवा कमी आहे, लेन सोडली, पुढं काहीतरी आडवं आहे. टुंग टुंग टुंग. आणि हे सगळं साताऱ्याच्या पोवई नाक्यावर, भर गर्दीत, शेजारच्या सीटवर मेहुणा बसलेला असताना. पंधरा-वीस लाख मोजून टोमणे मारणारं आणखी एक माणूस घरात आणलं की काय, असं वाटायला लागतं. तेव्हा शाहूपुरीतल्या घरासमोर गाडी लागली, नारळ फुटला, कंदी पेढे वाटून झाले, की पहिलं काम तिला गप्प बसवायचं.

सुरुवात पुस्तकापासून. डॅशबोर्डच्या कप्प्यात जाडजूड मॅन्युअल असतं. ते प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर काढू नका. त्यात दिव्यांचे अर्थ दिलेले असतात: पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या, लाल म्हणजे जागा बघून आत्ता थांबा. एकदा अर्थ कळला की दुर्लक्ष करणं जड जातं. न कळलेल्या दिव्यावर वायरमनची काळी टेप छान बसते. पिवळ्यावर एक थर पुरतो, लालवर दोन लागतात.

सगळ्यात चिवट दिवा हवेचा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर एक स्टिकर असतो. पुढच्या-मागच्या चाकांत किती हवा हवी ते त्यावर लिहिलेलं असतं, बहुतेक घरगुती गाड्यांत 33 पीएसआयच्या आसपास. तो आकडा गार चाकाचा असतो. म्हणून तुम्ही पुण्याहून शंभर किलोमीटर धावून आल्यावर, चाकं तापलेली असतानाच पंपावर हवा बघा. तापल्यावर हवा तीन-चार पीएसआयनं चढलेली दिसते. पोराला सांगा, ‘जास्त झालीय, सोड.’ तो सोडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चाक गार पडतं, हवा तिशीच्या खाली जाते आणि दिवा लागतो. आता खरी युक्ती. पुष्कळ गाड्यांत चाकामध्ये वेगळा सेन्सर नसतोच. एबीएसचे, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे, सेन्सर चाकाचे फेरे मोजतात. हवा कमी झालेलं चाक जरा बुटकं होतं, त्यामुळं त्याचे फेरे जास्त भरतात, आणि त्यावरून गाडी ओळखते. रीसेटचं बटण दाबलं की ती आत्ताची हवा हीच बरोबर असं धरून चालते. तेव्हा हवा न भरताच रीसेट दाबा. दिवा जातो. बसलेलं चाकच आता तिच्या लेखी आदर्श, पुन्हा चकार शब्द काढणार नाही.

पेट्रोल भरताना ‘राउंड फिगर कर’ म्हणायला विसरू नका. नोझल आपोआप कट झालं म्हणजे टाकी भरली, हे मान्य करणं कमीपणाचं आहे. 1,940 चे 2,000 करायला पंपावरचा पोरगा थेंब थेंब करत गळ्यापर्यंत भरतो. टाकीतली वाफ शोषायला कोळशाचा एक डबा बसवलेला असतो, त्याला कॅनिस्टर म्हणतात. तो वाफेसाठी असतो, त्यात पेट्रोल गेलं की कोळसा भिजतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. साठ रुपयांचं समाधान मात्र मिळालेलं असतं. मग ॲव्हरेजवर बोला. इथेनॉलमध्ये लिटरमागं पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे ई20, वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, भरल्यावर थोडा फरक पडणारच. या विषयावर पारावर बसून पोटतिडकीनं बोलावं, आणि त्याच बैठकीत उसाला दर वाढवून मागावा. आपल्या रानातला ऊस कारखान्यात, कारखान्यातनं डिस्टिलरीत आणि तिथनं फिरून आपल्याच टाकीत येतो, ही साखळी कुणी मधेच जोडून दाखवली तर विषय बदलावा. गाडी एप्रिल 2023 च्या आधीची, म्हणजे बहुधा ई20 धरून न बनवलेली असेल तर टाकीच्या झाकणावर काय लिहिलंय, रबरी पाइप चिकट झालेत का, चिरलेत का, हे बघायला सर्व्हिसिंगमध्ये सांगू नका. पेट्रोलचा वास यायला लागला की आपोआप कळतं.

डिझेलवाल्यांसाठी थोडक्यात. मोठी एसयूव्ही घ्या आणि तिनं रोज शाहूपुरी ते राजवाडा जा, परत या. बीएस6, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांतल्या, डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारी जाळी असते, डीपीएफ. ती काजळी जाळायला इंजिनाला पंधरा-वीस मिनिटं सलग साठच्या पुढचा वेग लागतो. म्हणजे आठवड्यातनं एकदा हायवेनं आनेवाडी टोलनाक्यापर्यंत जाऊन यायचं, बस. पण दिवा लागला म्हणून कुणी उगीच आनेवाडीला जातं का? जाळीची सफाई चालू असतानाच दारात गाडी बंद करा. रोज अर्धवट राहिलेल्या सफाईचं जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं, डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसते. ‘गाडी ऑइल पीत नाही, उलट देते,’ असं चारचौघांत सांगता येतं. धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरायचा ॲडब्लू संपत आला तर शेडमधल्या खताच्या पोत्यातला युरिया पाण्यात कालवा. ॲडब्लू म्हणजे तरी काय, 32.5 टक्के युरिया आणि बाकी शुद्ध केलेलं पाणी. फरक एवढाच की पोत्यातला युरिया नीम कोटेड असतो आणि पाणी बोअरचं. पिकाला चालतं ते यंत्रणेला का चालू नये, याचं उत्तर बिलात मिळतं.

आता घाट. साताऱ्याच्या माणसाची गाडी घाटातच ओळखू येते, आणि बरेचदा वासावरनं.

शनिवारी पुण्याहून येताना खंबाटकी तुंबलेला असतो. तुमच्या गाडीत ड्युअल क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर ब्रेकला पाय लावू नका. चढावर नुसता ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी जागेवर तोलून धरा, इंच इंच पुढं सरका, पुढच्या टेम्पोला चिकटून. दोन पेडलची गाडी म्हणून क्लच नाहीच असा समज पक्का ठेवा. क्लच असतो, एक सोडून दोन असतात, आणि कोरडे असतील तर अशा अर्धवट धरण्यानं दहा मिनिटांत तापतात. पुढं एका गाडीची जागा मोकळी होऊ द्यायची, मग एकदम पहिल्यात तेवढं अंतर घ्यायचं आणि पुन्हा ब्रेक दाबून थांबायचं, असं शहाणे करतात. पण मोकळ्या जागेत बाजूनं कुणीतरी घुसेल ना! घुसू द्यायचं नाही, क्लच जळाला तरी चालेल. पडद्यावर ‘ट्रान्समिशन हॉट’ आलं की आवाज कमी करून गाणं लावा. कडेला घेऊन, पी मध्ये टाकून, इंजिन चालू ठेवून थोडा वेळ थांबलं तर गिअरबॉक्स निवतो, पण तेवढ्यात मागचे सगळे पुढं जातात.

त्याच घाटात इंजिनही तापतं. आजकाल बऱ्याच लहान गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो. गार असताना निळा दिवा, उकळायला आली की लाल. मधे काहीच नाही, म्हणजे मधे काळजीही नाही. लाल लागला की एसी बंद करून हीटर पूर्ण सोडायचा, कडेला थांबायचं आणि अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावायचा नाही, असं मॅन्युअलमध्ये असणार, पण ते पिशवीत आहे. तुम्ही लगेच बॉनेट उघडा, ओला नॅपकिन घ्या आणि झाकण फिरवा. आत दाबाखाली शंभर अंशांच्या पुढं गेलेलं कूलंट असतं, ते वर येऊन तुमची भेट घेतं. उरलेल्या जागेत नळाचं पाणी भरा. क्षारांचा थर कसा बसतो ते पुढच्या उन्हाळ्यात रेडिएटर दाखवतो.

उतारावर, म्हणजे यवतेश्वरहून खाली येताना किंवा पसरणी उतरताना, न्यूट्रल. हे आपल्याकडचं वडिलोपार्जित ज्ञान आहे आणि कार्ब्युरेटरच्या जमान्यात त्यात तथ्यही होतं. आताच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असून पाय ॲक्सिलरेटरवरनं काढला की इंधन पूर्ण तुटतं, चाकंच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रल केलं की इंजिनाला चालू राहायला इंधन लागतं. म्हणजे पेट्रोल वाचवण्यासाठी तुम्ही ते जाळता, आणि वर गाडी अडवायचं सगळं काम ब्रेकच्या गळ्यात घालता. दुसऱ्या गिअरमध्ये, किंवा ऑटोमॅटिक असेल तर एम, एल मध्ये टाकून उतरणारे लोक मागच्यांच्या शिव्या खातात, पण खाली पोचल्यावर त्यांच्या चाकाला हात लावता येतो. तुमच्या चाकातनं जळका वास आला की पाण्याची बाटली सरळ लालबुंद डिस्कवर ओता. डिस्क वाकते, मग ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, आणि हा अलाइनमेंटचा दोष म्हणून चार ठिकाणी अलाइनमेंट करून घेता येतं. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदलायचं असतं. ते हवेतला ओलावा धरतं आणि तापल्यावर त्यात वाफेचे बुडबुडे होतात, पेडल सरळ खाली जातं. पण ऑइल दिसतं तर स्वच्छ, मग बदलायचं कशाला?

घाटाएवढाच मोठा विषय दसऱ्याचा. नव्या गाडीत एडास असतं, म्हणजे रडार-कॅमेऱ्यानं रस्ता बघून चालकाला मदत करणारी यंत्रणा. पुढच्या गाडीचं अंतर ओळखणारा रडार बंपरच्या जाळीत किंवा कंपनीच्या चिन्हामागं बसवतात, आणि कॅमेरा काचेला, आरशाच्या मागं. खंडेनवमीला गाडी धुऊन झाली की बरोब्बर चिन्हावर कुंकवाचं स्वस्तिक काढा. वरनं झेंडूचा जाड हार, असा की पार्किंगचे पुढचे सेन्सरही झाकले जातील. बंपरला लिंबू-मिरची काळ्या दोऱ्यात, लोंबती, म्हणजे वाऱ्यानं हलत राहील. फास्टॅग कॅमेऱ्यासमोर. आता गाडी पडद्यावर ‘रडार अडलाय’ म्हणून सांगेल, किंवा मोकळ्या अंगणात पुढं अडथळा आहे म्हणून बोंबलेल. अडथळा लिंबाचा असतो. हार वाळला तरी दिवाळीपर्यंत काढायचा नाही, आणि दिवाळीत ‘हे एडास आपल्या रस्त्यांसाठी नाहीच’ असा निकाल द्यायचा.

ज्यांचा रडार उघडा राहिलाय त्यांनी उलट टोक गाठावं, सगळं त्याच्यावर सोडावं. गळीत हंगामात रात्री हायवेला एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ऊस हातभर बाहेर आलेला. अंधारात, धुक्यात, बाहेर लोंबणाऱ्या मालाच्या बाबतीत यंत्रणेवर विसंबू नका, असं कंपन्या स्वतःच छापतात. कुठं छापतात ते तुम्हाला ठाऊक आहे, पिशवीत. गाडी लेनमध्ये धरून ठेवणाऱ्या लेन असिस्टचंही तेच. इंडिकेटर न देता खड्डा चुकवायला गेलं की स्टिअरिंग हातात ओढ घेतं. इंडिकेटर दिला तर घेत नाही. पण खड्ड्याला कोण इंडिकेटर देतं?

सनरूफचा उपयोग कास पठाराला पोरं उभी करायला होतो, हे सर्वमान्य आहे. गाडीनं जोरात ब्रेक मारला तर छपराची कड बरोब्बर पोराच्या छातीला लागते, याचा फोटो मात्र कुणी काढत नाही. कडेचं रबर पाणी पूर्ण अडवत नसतं. आत आलेलं पाणी खोबणीत पडतं, चार कोपऱ्यांतल्या बोटभर नळ्यांतून खाली चाकापाशी गळून जातं. पावसाळ्याच्या आधी छप्पर उघडून कोपऱ्यात अर्धा कप पाणी हळू ओतायचं, खाली ठिबकलं तर ठीक. नाही ठिबकलं तर गवत कापायच्या यंत्राची मऊ नायलॉन तार अलगद आत सारायची. एवढं दोन मिनिटांचं काम. ते न करता गाडी कडुनिंबाखाली लावा. काड्या, पानं, मोहोर सगळं खोबणीत जमतं आणि जुलैत मेढ्याच्या अलीकडं आरशावरच्या दिव्यातनं पहिला थेंब तुमच्या मांडीवर पडतो. तरीही तुंबलेल्या नळीत कॉम्प्रेसरची हवा मारा. नळी आतल्या आत सुटते, आणि मग पाणी खांबातनं थेट गालिच्याखाली. आठ दिवसांनी ओल्या पोत्याचा वास येतो, त्यावर मोगऱ्याचा परफ्युम मिळतो.

पट्ट्याचा आवाज बंद करायला नुसती क्लिप मिळते, ती घ्याच. समोरच्या सीटवर मांडीवर नातू, त्याच्या पुढं डॅशबोर्डवर जड पितळी गणपती, तोही डाव्या एअरबॅगच्या झाकणावर चिकटवलेला. एअरबॅग 30 ते 50 मिलिसेकंदांत फुगते, बाप्पालाही तेवढाच वेळ मिळतो. सीटला जाड कव्हर चढवताना बाजूच्या एअरबॅगची शिवण बंद होतेय ना, खात्री करा. थांबल्यावर इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या स्टार्ट-स्टॉपवाल्या गाडीची बॅटरी वेगळ्या जातीची असते, ईएफबी किंवा एजीएम. तिच्या जागी काही हजार वाचवून साधी टाका. सिग्नलला गाडी बंद होईल आणि बंदच राहील, पेट्रोलची बचत झालीच.

एवढं सगळं मनापासून पाळलंत तर खंबाटकीच्या माथ्याजवळ गाडी एकदाची गप्प होते. टोचन करायची वेळ येते. ऑटोमॅटिक गाडी इंजिनाला जोडलेली चाकं जमिनीवर ठेवून ओढली की बंद इंजिनामुळं गिअरबॉक्सला ऑइल पोचत नाही, म्हणून सपाट ट्रकवर चढवावी लागते. पण तो साताऱ्याहून कधी येणार? समोर रिकामा ट्रॅक्टर चाललाय, त्याला हात करा. ओढायचा हुक डिकीत जॅकशेजारी असतो, बंपरवरचं छोटं चौकोनी झाकण काढून तो आट्यांत फिरवून घट्ट बसवायचा असतो. तुम्ही काथ्याचा दोर सरळ बंपरच्या जाळीत अडकवा, दोन गाठी मारा आणि ट्रॅक्टरवाल्याला म्हणा, ‘घ्या दादा, सावकाश.’ बंपर वेळेवर वेळे गावात पोचतो. गाडी मागं घाटातच, हार-लिंबासकट.