यानाची खरखर आणि सौरवाऱ्याचा सूर: विश्रामबागच्या काकांना उत्तर

काका, सप्रेम नमस्कार.

सौरवारा म्हणजे सूर्याकडून सतत वाहत येणारा विद्युतभारित कणांचा वायू, म्हणजेच प्लाझ्मा. त्यातल्या लाटांवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. बत्तीस वर्षं वीज उपकेंद्रात काढलेल्या माणसानं एवढा वेळ देऊन लिहिलंय, तर दोन ओळींत बोळवण करणं मला बरं वाटेना. इतर वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात देतो. एका घनसेंटिमीटरमध्ये पाच कण म्हणजे पोकळीच, तिथं लाटा उठणार कशात? यान स्वतः विजेवर चालतं, उन्हात भारित होतं, मग अँटेनाला ऐकू येते ती यानाचीच खरखर नाही कशावरून? दोन मीटरच्या कांडीसारख्या अँटेनानं काय मोजणार? आणि शेवटी, ‘आदित्यच्या नावावर नको ते खपवू नका.’

शेवटापासूनच सुरुवात करतो, कारण तिथं चूक माझी आहे. ‘आदित्य-एल1सुद्धा हे सूर ऐकतं’ असं मी लिहून गेलो होतो. आदित्यवर विद्युत लाटा पकडणाऱ्या अँटेना नाहीत. त्यावर चुंबकीय क्षेत्र मोजणारा मॅग्नेटोमीटर आहे आणि तो संथ चढउतार टिपतो. सेकंदाला हजारो वेळा थरथरणाऱ्या लाटा त्याच्या आवाक्यातल्या नाहीत. ते वाक्य मी दुरुस्त केलंय.

पोकळीचा मुद्दा मात्र मला मान्य नाही. हवेत आवाज पुढे सरकतो तो कण एकमेकांवर आदळून. सौरवाऱ्यातला कण सूर्यापासून पृथ्वीपर्यंत आला तरी वाटेत क्वचितच कुणावर आदळतो, इथवर तुमचं बरोबर. पण हे कण विद्युतभारित आहेत. त्यांना एकमेकांना ओढायला टक्कर लागत नाही. पृथ्वीच्या आसपास ही आपसातली ओढ साधारण दहा मीटरपर्यंत जाणवते. दहा मीटर लांब, रुंद आणि उंच अशी खोली डोळ्यांपुढे आणा. घनसेंटिमीटरला पाच या हिशेबानं तिच्यात 500 कोटी इलेक्ट्रॉन भरतात. ते सगळे मिळून जरासे एका बाजूला सरकले की जड प्रोटॉन मागे राहतात आणि त्यांना परत खेचतात. परतताना ते वेगात पलीकडे जातात, पुन्हा खेचले जातात. पृथ्वीजवळ हे हेलकावे सेकंदाला सुमारे 20 हजार होतात.

आता यानाच्या खरखरीचं बघू. हा तुमचा सगळ्यात भक्कम आक्षेप, आणि तो खरा आहे. सौरपट्ट्या, आतले वीजपुरवठे, उन्हामुळे यानाच्या पत्र्यातून उडणारे इलेक्ट्रॉन, सगळं मोजमापात घुसतं. वर्गात मी मुलांना हेच दाखवतो. जुन्या रेडिओतल्या फेराइटच्या कांडीवर तांब्याची तार गुंडाळली आहे, तिची टोकं छोट्या ॲम्प्लिफायरला जोडली आहेत. मिक्सरजवळ नेली की स्पीकर घुंईं करून ओरडतो. हातभर मागे घेतली की आवाज दबतो, दाराबाहेर नेली की जवळजवळ जातो. यानांवर चुंबकीय लाटा पकडायला असते ती सर्च कॉइल, म्हणजे तारेची गुंडाळी, तत्त्वानं हीच आहे, म्हणूनच ती आणि मॅग्नेटोमीटर यानापासून लांब दांडीवर बसवतात. आदित्यची दांडी 6 मीटरची. तिच्यावर एक संवेदक 3 मीटरवर, दुसरा टोकाला. यानाचं स्वतःचं चुंबकत्व जवळच्याला जास्त जाणवतं, लांबच्याला कमी. सौरवाऱ्याचं दोघांना सारखंच. दोन आकड्यांतल्या फरकावरून यानाचा वाटा ओळखून वजा करता येतो. पृथ्वीजवळच्या सौरवाऱ्यात हे क्षेत्र जेमतेम पाच नॅनोटेस्ला असतं, इथं सांगलीत जमिनीवर ते 40 हजारांच्या घरात. तेव्हा ही वजाबाकी किती जपून करावी लागते ते तुम्हाला मी सांगायला नको.

तरीही खरखर उरतेच. पण काका, माझा सगळा भरवसा ज्या गोष्टीवर आहे ती पुढेच आहे. लाटेची उंची चुकू शकते, वारंवारता, म्हणजे सेकंदाला किती हेलकावे हा आकडा, सहसा चुकत नाही. शेतातल्या मोटारीला व्होल्टेज 180 मिळो नाहीतर 230, वारंवारता 50च्या आसपासच असते, हे तुम्ही आयुष्यभर पाहिलंय. मध्यंतरी मिरजेला सतारमेकर गल्लीत बराच वेळ बसलो होतो. कारागीर तानपुऱ्याची जवारी लावत होते. नखानं तार किंचित उचलायची, घोडीवर तिच्याखालचा सुताचा दोरा केसभर सरकवायचा, छेडायची, मान हलवायची, पुन्हा सरकवायचा. दर वेळी झणकार बदलत होता. कधी बोथट, कधी भरलेला. पण षड्ज षड्जच राहिला. अँटेनाच्या दोषांनी झणकार बिघडतो, सूर नाही. शिवाय तारेचा ताण चौपट केला की सूर वरच्या षड्जावर जातो, तसंच प्लाझ्माची घनता चौपट झाली की वारंवारता दुप्पट होते. दोन्हीकडे तेच वर्गमूळ. त्या दिवशी गल्लीत बसल्या बसल्या हे लक्षात आलं आणि अंगावर काटा आला.

दोन मीटरच्या कांडीचं म्हणाल, तर ती जागेप्रमाणे ठरते. पृथ्वीजवळ लाट नीट पकडायची तर अँटेना त्या दहा मीटरच्या ओढीच्या अंतराहून लांब हवी. 1994 साली सोडलेल्या ‘विंड’ यानाच्या अँटेनाच्या तारा टोकापासून टोकापर्यंत 100 मीटर होत्या. नासाचं पार्कर सोलर प्रोब हे यान मात्र 24 डिसेंबर 2024 रोजी सूर्यापासून 61 लाख किलोमीटरवर पोचलं. तिथं प्लाझ्मा इतका दाट असतो की ते दहा मीटरचं अंतर आकसून मीटरभरावर येतं. त्या उन्हात त्याच्या दोन मीटरच्या अँटेना पुरतात, आणि त्याहून लांब तार तिथं टिकवणंही अवघड.

‘एकाच जागी बसून लाट आहे की नुसतं कणांचं ढेकूळ वाहत गेलं हे कसं कळणार,’ हेही तुम्ही विचारलंय. मरिनर-5 यानाची मोजमापं तपासून 1971 साली बेल्चर आणि डेव्हिस या शास्त्रज्ञांनी दाखवलं की, सौरवाऱ्यात चुंबकीय क्षेत्र आणि कणांचा वेग पुष्कळदा जोडीनं हेलकावतात. स्वीडिश शास्त्रज्ञ आल्फ्वेन यांनी 1942 मध्ये सांगितलेल्या लाटेची ही खूणच. वाहून जाणाऱ्या ढेकळाला असा ताल नसतो.

आणि आता सूर्यापासून सगळ्यात लांब गेलेलं यान, व्हॉयेजर-1. मी लेखात लावलेला त्याचा आवाज तुम्हाला बनावट वाटला. त्या काही सेकंदांत कित्येक महिन्यांची नोंद दाबून बसवली आहे, हे मी लिहायला हवं होतं. वारंवारता मात्र मोजलेली आहे. या यानाचं कण मोजणारं उपकरण 1980 सालीच बंद पडलं. मार्च 2012 मधला सूर्यावरचा उद्रेक तेरा महिन्यांनी तिथं पोचला आणि 9 एप्रिल 2013 पासून आजूबाजूचा प्लाझ्मा थरथरू लागला. दहा-दहा मीटरच्या दोन अँटेनांनी तो सूर पकडला, सुमारे 2.6 किलोहर्ट्झ. यान सौरवाऱ्याच्या बाहेर पडलंय हे त्या एका आकड्यावरून पक्कं झालं.

कॅल्क्युलेटर घ्या. त्या 2.6 किलोहर्ट्झला 9 नं भागा आणि वर्ग करा. 0.08 येईल. दर घनसेंटिमीटरला तेवढे इलेक्ट्रॉन. सौरवाऱ्याच्या कडेला आतल्या बाजूनं घनता याच्या कितीतरी पट कमी असते, म्हणजे यान बाहेरच होतं.

ती फेराइटची कांडी अजून माझ्या टेबलावर आहे. विश्रामबागला घरी घेऊन येतो, तुमच्या मिक्सरवर लावून बघू.