बिल्ले जमवायचेत? आधी एक कोमेजलेलं मूल शोधा

जुन्या अमेरिकन कॉमिक्सच्या फॅन क्लबांचे बिल्ले जमवायचं तुम्ही ठरवलंत, हे उत्तमच केलंत. पोस्टाची तिकिटं, नाणी, काड्यापेट्यांवरची चित्रं हे छंद हल्ली कुणीही सोम्यागोम्या करतो. शिवाय त्यांत धोका असतो. माणसाचा भूगोल सुधारतो, चार राजांची नावं पाठ होतात. बिल्ल्यांच्या छंदात तसलं काही होत नाही. ऐंशी वर्षांपूर्वी कुठल्या मुलाला स्वतःच्या खेळण्याशी खेळावंसं वाटलं नाही, एवढंच इथं हुडकायचं असतं.

१९३८ साली 'ॲक्शन कॉमिक्स'मधून सुपरमॅन अवतरला आणि पुढच्याच वर्षी प्रकाशकांनी 'सुपरमेन ऑफ अमेरिका' नावाचा क्लब काढला. वर्गणी दहा सेंट, म्हणजे एका अंकाच्या किमतीएवढी. अंकातलं कूपन कापायचं, नाव-पत्ता लिहायचा, नाणं पाकिटात घालायचं आणि पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसायचं. मग घरी यायचं एक प्रमाणपत्र, एक बिल्ला आणि गुप्त लिपीची किल्ली. लिप्यांना ग्रहांची नावं होती. अंकात छापलेला सांकेतिक निरोप त्या किल्लीनं उलगडायचा आणि किल्ली प्राण गेला तरी कुणाला दाखवायची नाही, अशी शपथच सभासदाला घ्यावी लागे. प्रमाणपत्रावर सही चक्क क्लार्क केंटची! आपण सुपरमॅन आहोत हे शेजारच्या टेबलावरच्या बाईलाही कळू न देणारा हा गृहस्थ सुपरमॅनच्या क्लबाच्या कागदांवर बिनदिक्कत सह्या करत सुटला होता आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. ती परमगुप्त किल्ली आज लिलावाच्या कॅटलॉगात दोन्ही बाजूंच्या रंगीत फोटोंसह पाहायला मिळते. तुम्ही शपथ घेतलेली नाही, तेव्हा खुशाल बघा.

आता त्या बिल्ल्याचं पुढं काय होई? सर्वसाधारण मूल तो शर्टावर लावून शाळेत जाई, मारामारी करी, पावसात भिजे. आई बिल्ल्यासकट शर्ट धुवायला टाकी. कडेला गंज चढे, सेल्युलॉइडखाली ओल शिरून तपकिरी डाग पडत, मागची पिन वाकडी होई. असा बिल्ला समोर आला तर नाक मुरडा. त्या मुलानं तो मनसोक्त वापरलाय आणि त्याला दुसरी कुठली किंमत उरलेली नाही.

तुम्हाला हवं आहे ते दुसरंच मूल. पाकीट आलं त्या दिवशी ते तापानं अंथरुणात असावं, किंवा गुप्त निरोप पाठवावा असा एकही मित्र त्याला नसावा. त्यानं पाकीट हळूच उघडलं, बिल्ला पाहिला आणि घड्या न मोडता सगळं परत आत ठेवलं. मग ते पाकीट खणात, खण माळ्यावर आणि माळा एका दूरच्या पुतण्याच्या ताब्यात. या वस्तूला बाजारात 'मिंट' म्हणतात. मूळ टपालाचं पाकीटही शाबूत असेल तर भाव आणखी चढतो. आणि पाकीट कधी उघडलंच गेलं नसेल, तर प्रश्नच मिटला. त्या मुलाचं काय झालं असेल हा विचार मनात येऊ देऊ नका. वस्तूच्या वर्णनात तो रकाना नसतो.

पुढचा धडा कूपनाचा. बिल्ला मिळायचा तो अंकातलं कूपन कापूनच. पण कूपन कापलेला अंक म्हणजे बाजाराच्या दृष्टीनं नाक कापलेली मूर्ती. रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनी १९७० साली जुन्या कॉमिक्सची दरपुस्तिका काढली, तेव्हापासून तर कात्री हे पापाचं हत्यार ठरलं. मार्व्हलनं १९७४ मध्ये आणखी कमाल केली. अंकाच्या आतच छोटी तिकिटं छापली, ती कापून एका वहीत चिकटवा असं मुलांना स्वतःच सांगितलं. आज्ञाधारक मुलांनी ऐकलं. त्याच वर्षीच्या 'इनक्रेडिबल हल्क'च्या १८१व्या अंकात वुल्व्हरीन हा मार्व्हलचा पुढं गाजलेला नायक पहिल्यांदा पूर्ण कथेत आला. आज तो अंक हातात घेणारा प्रत्येक जण आधी तिकिटाचं पान उलटून बघतो. तिकीट गेलं असेल तर किंमत धाडकन खाली येते. तेव्हा प्रदर्शनात गेलात की क्रम पाळा. सकाळी कॉमिक्सच्या टेबलावर कात्री चालवणाऱ्या कार्ट्याला शिव्या घाला आणि दुपारी बिल्ल्यांच्या टेबलावर त्याच कार्ट्याला दुवा द्या. मध्ये जेवून घ्या, म्हणजे विसंगती जाणवत नाही.

बिल्ल्याची पाठ वाचायला शिका. कागदावर छापलेलं चित्र, त्यावर सेल्युलॉइडचा पातळ पापुद्रा आणि मागं पत्रा, या बनावटीचं पेटंट अमेरिकेत १८९६ साली न्यूअर्कच्या व्हाइटहेड अँड होग कंपनीनं घेतलं होतं. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींना हे सोयीचं आहे. पाहुणे आले की स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा दाखवून झाल्यावर न्यूअर्कच्या दिशेनं हात करून सुस्कारा टाकता येतो. जुन्या बिल्ल्यांच्या नव्या नकला मात्र भरमसाट आहेत. खऱ्याला थोडे डाग हवेत, पण फार नकोत. अगदीच निष्कलंक दिसला तर संशय घ्या, आणि डागाळलेला दिसला तर भाव पाडा. दोन्हीकडून तुम्हीच शहाणे ठरता.

खिसा हलका असेल तर केलॉगच्या 'पेप' धान्यफ्लेक्सच्या डब्यांतून १९४५ ते १९४७ दरम्यान निघालेले पत्र्याचे बिल्ले घ्या. पाच संच, प्रत्येकी अठरा बिल्ले, पण वेगवेगळी पात्रं शहाऐंशीच. कारण सुपरमॅन पाचही संचांत आहे. त्याचा रेडिओवरचा कार्यक्रम याच फ्लेक्सच्या पैशांवर चालायचा. परिणामी सगळ्यांत बलवान पुरुष सगळ्यांत स्वस्त. त्याच मालिकेत फँटमही आहे, म्हणजे आपला वेताळ. १९६४ पासून 'इंद्रजाल कॉमिक्स'मधला जो वेताळ आपण वाचला, चुरगाळला आणि दिवाळीच्या साफसफाईत किलोच्या भावानं रद्दीवाल्याच्या तागडीत घातला, तोच आता नखाएवढ्या पत्र्यावर डॉलर मोजून, वर टपालखर्च भरून परत आणता येतो. हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं, आणि त्यावर कस्टम ड्यूटीही असते.

कॉमिक्समधल्या वीरांच्या 'जस्टिस सोसायटी' या संघटनेच्या नावानं मुलांसाठी काढलेल्या 'ज्युनियर जस्टिस सोसायटी ऑफ अमेरिका' या क्लबावर फार वेळ घालवू नका. १९४२ साल, पंधरा सेंट, बिल्ला, प्रमाणपत्र, सांकेतिक किल्ली, बस. एवढंच बघा की प्रमाणपत्रावर सही वंडर वूमनची आहे. रणगाडे उचलणाऱ्या बाईंना वीरांच्या संघटनेत घेतलं आणि चिटणीस केलं. आपल्याकडच्या सोसायट्यांच्या कार्यकारिणीवर काम केलेल्या भगिनींना यात नवल वाटणार नाही.

भयकथा छापणाऱ्या ई.सी. कॉमिक्सच्या 'फॅन-ॲडिक्ट क्लब'ला मात्र मान द्या. १९५३ मध्ये पंचवीस सेंटांत ओळखपत्र, प्रमाणपत्र, दंडावर शिवायचं कापडी पदक आणि पितळी छटेचा बिल्ला. दुसऱ्याच वर्षी एप्रिलमध्ये ई.सी.चे प्रकाशक विल्यम गेन्स, कॉमिक्स वाचून मुलं बिघडतात का हे तपासणाऱ्या अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढं साक्षीला उभे होते आणि वर्ष सरायच्या आत त्यांच्या भयकथांची मासिकं बंद पडली. त्याआधीही पालकांनी आणि शाळांनी कॉमिक्सचे ढीग रचून पेटवले होते. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनची १९४८ सालची होळी प्रसिद्ध आहे. युद्धाच्या काळात रद्दी गोळा करणाऱ्यांनी तर देशभक्तीच्या नावाखाली ट्रकच्या ट्रक भरून नेले. या सगळ्या पोळलेल्या, रडलेल्या, फसवल्या गेलेल्या पोरांचे आभार माना. त्यांचं गेलं म्हणून तुमचं दुर्मीळ झालं.

साठच्या दशकात मार्व्हलचा 'मेरी मार्व्हल मार्चिंग सोसायटी' हा क्लब आला. एक डॉलर भरला की बिल्ला, स्टिकर, कार्ड आणि एक तबकडी. तबकडीत मार्व्हलचे संपादक-लेखक स्टॅन ली, चित्रकार जॅक कर्बी आणि कार्यालयातली मंडळी एकमेकांची टिंगल करतात. दुसरे चित्रकार स्टीव्ह डिटको त्यात बोलायला आलेच नाहीत, तर त्याचाही विनोद करून टाकलाय. हे सगळं तुम्ही नुसतं ऐकून माहीत असू द्या. तबकडी कधीही वाजवू नका. सुई टेकली की गेली. ज्यानं ती एकदाही वाजवली नाही, तोच खरा चाहता.

याच मार्व्हलनं अंकातल्या चुका दाखवणाऱ्या वाचकांना 'नो-प्राइझ' द्यायला सुरुवात केली. पाकिटावर अभिनंदन छापलेलं, आत काही नाही. हे रिकामं पाकीट विकत मिळतं. घेताना एकच काळजी घ्या, रिकामपण मूळचंच आहे ना? आत काही सापडलं तर माल परत पाठवा.

आणि लोन रेंजर या रेडिओवरच्या मुखवटेवाल्या घोडेस्वार वीराची अणुबॉम्ब अंगठी! हिरोशिमानंतर दोनच वर्षांनी, १९४७ मध्ये, किक्स नावाच्या न्याहारीच्या डब्याचं झाकण आणि पंधरा सेंट पाठवले की ती घरी येई. आत खरंखुरं किरणोत्सारी पोलोनियम. बॉम्बची लाल शेपटी काढायची, अंधाऱ्या खोलीत जाऊन डोळा लावायचा, थोडा वेळ थांबायचं, की झिंक सल्फाइडच्या पडद्यावर बारीक ठिणग्या उडताना दिसत. पोलोनियमचं अर्धायुष्य १३८ दिवसांचं, म्हणजे दर १३८ दिवसांनी ते निम्मं उरतं, त्यामुळं त्या ठिणग्या केव्हाच विझल्या. ज्या पोरानं त्याच वर्षी पांघरुणात शिरून पाहिलं, त्यालाच काय ते दिसलं. तुमची प्रत मात्र अधिक चकचकीत आहे. अंधारात जाऊन डोळे ताणू नका; कॅटलॉगातला फोटो उजेडातच काढलेला असतो.

शेवटी भविष्याची तरतूद. घरात लहान मूल असेल तर त्याच्यासाठी येणारी प्रत्येक वस्तू दोन-दोन घ्या. एक तुम्ही प्लास्टिकमध्ये घालून कपाटात ठेवा. दुसरी त्याच्या हातात द्या आणि चावू द्या, आपटू द्या, अंगणातल्या चिखलात पुरू द्या. जगातला एक नग कमी झाला की कपाटातल्याची किंमत तेवढीच वर सरकते. कधी त्यानं तो कपाटातला नग मागितला, तर त्याला कूपन भरून अर्ज करायला सांगा. आणि बजावून ठेवा, सहा आठवडे तरी लागतील.